दिवाळीला दोनच दिवस सुट्टी, घरी जावं की फ्लॅटवरच थांबावं?

बारा_ते_नऊ (धागाकर्ती)
वाचते रोज, लिहितेय पहिल्यांदाच, सांभाळून घ्या.

मी २६ वर्षांची, पुण्यात वाकडला तिघी मिळून फ्लॅटवर राहतो, घर वर्ध्याजवळ. ऑफिस अमेरिकन क्लायंटचं, पाळी दुपारी बारा ते रात्री नऊ. त्यांचं कॅलेंडर डिसेंबरमध्ये फुलतं आणि आपलं ऑक्टोबरमध्ये, त्यामुळे यंदा (२०२५) सुट्टी फक्त २१ आणि २२, म्हणजे लक्ष्मीपूजन आणि पाडवा. सोमवारी २० ला नरकचतुर्दशी आहे आणि मी त्या दिवशी एक्सेलमध्ये अभ्यंगस्नान करणारे. भाऊबीजेला पण ऑफिस.

हिशोब असा की सोमवारी रात्री पाळी संपवून दहाची बस धरायची, मंगळवारी अकरा-बाराला घरी, बुधवारी संध्याकाळी परत बस, गुरुवारी सकाळी पुणे आणि बाराला परत लॉगिन. म्हणजे दोन रात्री बसमध्ये आणि घरी तीस तास, त्यातले आठ झोपेत. रेल्वेचं आरक्षण आता साठच दिवस आधी उघडतं हे मला ठाऊक होतं, ऑगस्टमध्ये तारीख विसरले, वेटिंग बघून मोबाईल बंद केला. बसवाले तिप्पट मागतायत.

फ्लॅटवर थांबले तर स्वयंपाकाच्या मावशी १७ पासून गावाला, खालची मेस बंद, एक मैत्रीण घरी जाणार, दुसरी लखनऊची, ती थांबतेय. आईला अजून काही सांगितलं नाहीये. काय करू?

वऱ्हाडी_ठेचा
पोरी यात विचारायचं काय आहे? माय वाट पाहून राहिली असंन. जाय.

नाईट_ड्युटी_सिस्टर
मी नर्स, मुंबईत, नऊ वर्षं झाली. नऊ दिवाळ्यांपैकी घरी किती केल्या ते बोटांवर मोजले तर एक हात पुरतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री कॅज्युअल्टीत हात भाजलेली पोरं आणि त्यांच्यापेक्षा जास्त रडणारे बाप, हीच आमची आतषबाजी. सुरुवातीला मी पण तुझ्यासारखे तासांचे हिशोब करायचे आणि कशीबशी घरी पोचायचे, मग दिवसभर सोफ्यावर तोंड उघडं टाकून झोपलेली, आई येऊन पंखा हळू करून जायची. तिला मी दिसायचे आणि मला ती दिसायचीच नाही. आता मी सरळ सांगते की दिवाळीला नाही, त्यानंतर चार दिवस सलग रजा घेऊन येईन. पहिल्या वर्षी रुसवा झाला. दुसऱ्या वर्षी आईनेच अनारशाचं पीठ उशिरा भिजवलं.

खिडकीची_सीट
स्लीपरमध्ये झोप मिळते की मस्त. जा बिनधास्त.

नाईट_ड्युटी_सिस्टर
@खिडकीची_सीट कुठल्या बसमध्ये हो? नंबर द्या, आम्ही पण झोपून बघतो.

उगाच_उर्मिला
मी कटू बोलणारे आधीच सांगते. घरी जाऊन तू नक्की काय करणारेस? मी सांगते काय करणारेस. पोचल्यावर "दमली असशील, चहा घे" आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत "जरा एवढ्या करंज्या कातून दे". आमच्याकडे मी कॉलेजात असल्यापासून हेच. वसुबारसेच्या आधी डबे घासणं, माळ्यावरची पितळी भांडी काढून चिंच लावणं, मग चार किलो चकलीची भाजणी गिरणीवर नेऊन आणणं, आणि भाऊ? भाऊ आकाशकंदील लावतो. एक कंदील. त्यासाठी स्टूल धरायला पण मीच. आणि पाहुण्यांसमोर "आमच्या चिरंजीवांनी सगळं लायटिंग केलं". सुट्टी म्हणे. सुट्टी कोणाची?

सोऱ्या_आणि_मी
@उगाच_उर्मिला निषेध! आमच्या घरी चकल्या मी पाडतो, मी पुरुष आहे, वय ४१, सोऱ्या माझा आहे, पितळी, आज्जीचा. बायको फक्त तळते.

उगाच_उर्मिला
फक्त. बरं.

सोऱ्या_आणि_मी
"फक्त" मागे घेतो. पण विषय निघालाय तर विचारूनच घेतो, मागच्या वर्षी चकल्या दुसऱ्या दिवशी मऊ पडल्या, चिंगमसारख्या ताणल्या जात होत्या. भाजणी घरचीच, चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक उडीद डाळ, अर्धी मूग, धणे-जिरे. काय चुकलं?

कोकणातली_काकू
उकड सैल झाली असेल, नाहीतर आच मोठी ठेवलीत. मोठ्या आचेवर वरून रंग धरतो आणि पोटात कच्ची राहते, तीच मग मऊ पडते. तेल आधी चांगलं तापवायचं, चकल्या सोडल्या की आच मध्यम, आणि बुडबुडे जवळजवळ थांबले की मगच काढायच्या. रंगावर जाऊ नका. मोहन जास्त झालं तर तेलात फसकटतात, कमी झालं तर दात मागतात. आणि गरम असताना डबा बंद केलात ना? खरं सांगा.

सोऱ्या_आणि_मी
...केला होता.

कोकणातली_काकू
झालं तर मग.

खिडकीची_सीट
धागा दिवाळीच्या सुट्टीचा होता, चकलीच्या पोटात शिरला.

पेन्शनर_नाना
बारा_ते_नऊ, तुझं पत्र (पोस्ट म्हणायचं ना) वाचून आठवण झाली. मी नोकरीला मुंबईत होतो तेव्हा एसटीने गावाला जायचो, रात्रभर उभ्याने गेलोय, मांडीवर दिवाळी अंक आणि पायाशी ट्रंक. दिवाळी अंकांची परंपरा १९०९ सालची, का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'पासूनची. आम्ही चौघांत मिळून तीन अंक घ्यायचो आणि फाडून वाटून वाचायचो...

उगाच_उर्मिला
नाना, उभ्याने होतात तर मांडीवर अंक कसा?

पेन्शनर_नाना
नाशिकनंतर जागा मिळायची. तुम्ही पोरी फार उलटतपासणी घेता.

दोन_पिल्लांची_आई
नाना जागा मिळाली का नाही ते सोडा, आता बायकांना एसटीत निम्मं तिकीट आहे, मार्च २०२३ पासून. धागाकर्तीने खासगी बसला तिप्पट देण्यापेक्षा एसटीचं आरक्षण बघावं. बसायची सीट असेल पण खिसा तरी फाटणार नाही. बाकी माझ्या घरी सध्या किल्ल्याने उच्छाद मांडलाय. दरवर्षी रायगड नाहीतर प्रतापगड, यंदा जुलैत युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले आले तेव्हापासून मोठा हटून बसलाय की जिंजीच करायचा, कारण बारापैकी तोच एक महाराष्ट्राबाहेरचा आणि सोसायटीत दुसऱ्या कोणी केलेला नसणार. जिंजी तीन डोंगरांवर आहे म्हणे. तीन डोंगरांची माती कोण आणणार? आई. हळीव पेरायचे कोणी? आईने. पाणी मारायचं कोणी ते विचारू नका.

कोकणातली_काकू
हळीव पेरले असतील तर एव्हाना हिरवळ दिसायला हवी, चार दिवसांत येतात. गोणपाट ओलं ठेवा.

बारा_ते_नऊ
बापरे, एवढी उत्तरं. मी पाळीवर होते, आत्ता बसमध्ये वाचतेय आणि हसतेय, शेजारची बाई बघतेय.

@उगाच_उर्मिला आमच्याकडे तसं नाही, भाऊ लहान आहे, आईने त्याला पण शंकरपाळे कापायला बसवलंय व्हिडिओ कॉलवर बघितलं मी. वाकडे कापतो पण कापतो.
@दोन_पिल्लांची_आई एसटी बघितली, दोन ठिकाणी बदलावी लागते, पोचेपर्यंत लक्ष्मीपूजन होऊन जाईल.
कोणीतरी वर्क फ्रॉम होम विचारेल म्हणून आधीच सांगते, क्लायंटचं मशीन ऑफिसबाहेर न्यायला परवानगी नाही.

वऱ्हाडी_ठेचा
एक विचारू का? तू तासांचा हिशोब लय बारीक मांडला. ज्याला जायचं असते तो एवढं मोजत नाही. काही दुसरं आहे का?

खिडकीची_सीट
ठेचा साहेब थेट मिरचीवर.

बारा_ते_नऊ
...हो. आहे.

पाडव्याला संध्याकाळी "सहज" चहाला कोणीतरी येणारेत. आई बोलली नाही, भावाने सांगितलं, कारण त्याला नवीन शर्ट घेतलाय आणि त्याला कारण विचारल्यावर त्याच्या तोंडून निघालं. मागच्या दिवाळीत पण असंच "सहज" झालं होतं. मी उटणं लावून अर्धी ओली, डोक्याला टॉवेल, आणि हॉलमध्ये चार माणसं बसलेली, त्यातल्या काकूंनी विचारलं "पॅकेज किती" आणि मी इतकी गडबडले की खरं सांगितलं. मग त्यांचा मुलगा गप्पच झाला कारण त्याचं कमी होतं. आई नंतर म्हणाली की थोडं कमी सांगायचं होतंस.

मला लग्नाचं वावडं नाहीये. पण दिवाळीचे ते तीस तास मला आईच्या ओट्याशी उभं राहून गरम चकली पळवायची आहे, कोणासमोर ट्रे घेऊन नाही जायचंय. हे तिला सांगता येत नाहीये. म्हणून बसचं तिकीट, तास, वेटिंग वगैरे.

उगाच_उर्मिला
आता कळलं!! आणि मी उगाच करंज्यांवर भाषण दिलं.

सोऱ्या_आणि_मी
"थोडं कमी सांगायचं होतंस" 😂 प्रत्येक आई.

दोन_पिल्लांची_आई
माझं लग्न असंच "सहज" चहातून ठरलं, कोजागरीला. मसाला दूध होतं. नवऱ्याच्या मिशीला साय लागली होती तेवढी आठवते, बाकी काही बघितलंच नाही. चांगला निघाला तो भाग वेगळा. पण तुझं बरोबर आहे, सणाच्या दिवशी नको वाटतं. सण आपला राहत नाही मग.

नाईट_ड्युटी_सिस्टर
तू बसचं कारण सांगितलंस तर आई बसचा उपाय शोधेल. मामांची गाडी पाठवेल, काकांच्या ओळखीचं तिकीट काढेल. मग काय करशील? खरं कारण सांग. ओरडेल, दोन दिवस फोन करणार नाही, तिसऱ्या दिवशी "जेवलीस का" येईल.

पेन्शनर_नाना
मी त्या चहाच्या दुसऱ्या बाजूला बसलेला बाप आहे, म्हणून बोलतो. माझी मुलगी बंगळूरला. तिच्या सुट्टीचे चार दिवस आणि आमच्याकडची स्थळं यांची गाठ घालायची म्हटलं की दिवाळीच सापडायची, कारण एरवी ती येतच नव्हती. आम्हाला वाटायचं एका दगडात दोन पक्षी. तिसऱ्या वर्षी ती दिवाळीला आलीच नाही, "काम आहे" म्हणाली. मला खरं वाटलं. हिला नाही वाटलं. हिने फोन करून सांगितलं, या घरात तुला बघायला आता फक्त आम्ही दोघंच असू, ये. आली. नंतर लग्न तिचं तिने ठरवलं, आम्हाला जावई आवडला की नाही हे अजून ठरायचंय.

तर बाळ, आईला सांग. बापाला आधी सांग, तो मध्ये पडेल. आम्ही मध्ये पडायलाच असतो.

कोकणातली_काकू
नाना, छान लिहिलंत.

उगाच_उर्मिला
नाना उभ्याने की बसून? (गंमत हो. डोळ्यात पाणी आलं.)

खिडकीची_सीट
आणि नाही गेलीस तर फ्लॅटवर काय करता येईल ते पण सांगा रे कोणीतरी, मी पण यंदा एकटा आहे, हैदराबादला.

कोकणातली_काकू
एकटं असलं तरी पहाटे उठायचं, तेल लावायचं, गरम पाण्याने नहायचं. आमच्याकडे तुळशीपुढे कारीट फोडतात पायाच्या अंगठ्याने, गोविंदा म्हणत. कारीट तुम्हाला कुठे मिळणार, ते राहू दे. पोहे करा. आमच्या सिंधुदुर्गात त्या दिवशी पोह्यांचेच पाच प्रकार, गूळपोहे, दहीपोहे, दडपे, बटाट्याचे, दुधाचे. एक प्रकार तरी जमेल. दाराशी एक पणती. चार बोटांची रांगोळी. झालं.

खिडकीची_सीट
दडपे म्हणजे शिजवायचे नाहीत ना? मग जमेल.

सोऱ्या_आणि_मी
धागाकर्ती गायब. २० तारीख गेली, २१ गेली. गेलीस का नाही? सांग तरी, आम्ही इकडे चकल्या घेऊन बसलोय. (यंदा कडक झाल्यात. काकू जिंदाबाद.)

दोन_पिल्लांची_आई
आमची जिंजी कोसळली. पाण्याची बादली लवंडली. आता एका डोंगराची जिंजी आहे.

बारा_ते_नऊ
आले आले. आज भाऊबीज, ऑफिसात लंच ब्रेक आहे, पटापट लिहिते.

नाही गेले. बाबांना आधी सांगितलं (नाना 🙏). बाबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले "मला तरी कुठे विचारलं होतं". आईला त्यांनीच सांगितलं. आई रविवारभर बोलली नाही. यंदा रविवारी १९ ला दिवाळीतला कुठलाच दिवस नव्हता ना, तर आमच्याकडे त्या रिकाम्या दिवशी मौनव्रत झालं.

सोमवारी पहाटे पावणेसहाला अनोळखी नंबर, "ताई पुलाखाली या, वर्ध्याचं पार्सल आहे, दोन मिनिटं थांबतो". मी आणि लखनऊवाली नाईट ड्रेसवर स्वेटर चढवून पळालो. बसच्या डिकीतून क्लीनरने एक गाठोडं काढून दिलं, आईची जुनी अबोली साडी, तिची गाठ, आत चार स्टीलचे डबे. झाकणांना पट्टी चिकटवून वर आईचं अक्षर. "चकली, आधी ही". "चिवडा, झाकण घट्ट लाव". "अनारसे, हलवू नको" (बसच्या डिकीत! भुगा झाला होता, चमच्याने खाल्ला). चौथ्यावर काहीच नाही लिहिलेलं, उघडला तर उटण्याची पुडी, मोती साबण, दोन पणत्या कापसात गुंडाळलेल्या, वाती वळलेल्या. म्हणजे मौनव्रत धरायच्या आधीच तिने हे बांधून ठेवलं होतं. मी बाथरूममध्ये पंधरा मिनिटं रडले, बाहेरून लखनऊवाली विचारतेय साबण डोळ्यात गेला का.

फ्लॅटवर दोन लक्ष्मीपूजनं झाली. तिचं २० ला, आमचं २१ ला. ती म्हणे तुमची लक्ष्मी एक दिवस उशिरा का, मी म्हटलं तुमच्याकडे उरकून मग इकडे येते. पाळीवरून नऊला सुटून धावत आले तोपर्यंत तिने थांबून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी नवी केरसुणी आणून हळदकुंकू वाहिलं तर तिला फार मजा वाटली, झाडूचा फोटो काढून आईला पाठवला. लाह्या-बत्तासे मिळाले. आई व्हिडिओ कॉलवर होती, रुसलेलीच, पण "निरांजन उजवीकडे नको, दिसत नाहीये मला नीट, फोन वर धर" वगैरे सूचना चालू.

पाडव्याला दिवसभर पार्किंगमध्ये सोसायटीच्या पोरांचा किल्ला बघत बसले. बघत कसली, त्यांनी मला चिखल तुडवायला घेतलं, मागच्या बाजूचा बुरूज ढासळला होता. एक सात वर्षांचा मुकादम होता, "ताई मावळे उलटे लावू नका, शत्रू तिकडून येतो".

आणि सहज चहावाले आले होतेच! त्यांना नको म्हणणं जमलं नाही बाबांना. चिवडा खाल्ला, माझा फोटो बघितला, मी नाही म्हटल्यावर भावाला विचारलं काय करतोस. तो बारावीला आहे. नवीन शर्ट घालून तो एकटाच ट्रे घेऊन गेला होता. आता घरात त्याला नवरी म्हणतायत.

आत्ता सकाळी भाऊबीजेचं ओवाळणं पण व्हिडिओवर केलं, त्याने स्क्रीनला टिळा लावून घेतला. ओवाळणी यूपीआयने. एकशे एक. वरचा एक पण विसरला नाही.

उगाच_उर्मिला
भाऊ ट्रे घेऊन गेला हे वाचून माझी दिवाळी झाली. बाकी मला काही नको.

वऱ्हाडी_ठेचा
माय ते मायच असते. डबे बांधून ठेवले होते ना आधीच. मी म्हटलं होतं.

खिडकीची_सीट
तुम्ही "जाय" म्हटलं होतं, बाकी काही नाही. दडपे पोहे केले मी. नारळ कमी पडला. तरी बरे झाले.

नाईट_ड्युटी_सिस्टर
मग आता घरी कधी? सलग रजा टाक.

बारा_ते_नऊ
टाकली. शुक्रवारी ३१ ला रजा मिळालीये, १ आणि २ नोव्हेंबर शनिवार-रविवार, तीन दिवस मिळतात. रिकामे डबे पण न्यायचेत, आईने कालच आठवण केली, चारही, झाकणांसकट. बाबा म्हणाले तेव्हाच ये, २ ला आपल्या अंगणात लग्न आहे.

कोकणातली_काकू
तुळशीचंच ना?

पेन्शनर_नाना
काकू बरोबर विचारतायत. खात्री करून घे.

बारा_ते_नऊ
केला फोन. विचारलं. आई म्हणाली, "तू ये तर आधी."